घरधनीण

चैत्रातल्या सकाळी पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत कडुनिंबाच्या मोहराचा कडसर-गोड वास असा भरून राहतो, की खिडकीशी बसलं तर हातातलं पुस्तक विसरायला होतं. त्या शनिवारीही तो वास होता, फरशीवर कोवळं ऊन पसरलं होतं आणि समोर कॉलेजातल्या चार मुली वह्या उघडून बसल्या होत्या. निवृत्त झाले तरी इंग्रजी शिकवण्याचा माझा सोस काही सुटलेला नाही.

धड्यात ‘डॉमिनन्स’ हा शब्द आला. वर्चस्व, एवढं सांगून मोकळं होता आलं असतं. पण मुळाशी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. लॅटिनमध्ये ‘डॉमस’ म्हणजे घर, घराचा स्वामी तो ‘डॉमिनस’, आणि घरातली सत्ता जिच्या हाती ती ‘डॉमिना’. साम्राज्यं नि सिंहासनं पुढची, हा शब्द उंबरठ्याच्या आत जन्मला, असं मी अगदी रंगून सांगत होते. फुलंब्रीच्या कॉलेजात नोकरी धरली तेव्हा सासूबाईंनी मला कसं छळलं, तेही ओघात आलं. मुली हळहळल्या. मला बरं वाटलं.

तेवढ्यात माझी सून वैशाली दाराशी येऊन उभी राहिली. मी हातानंच थांब म्हटलं. थोड्या वेळानं ती पुन्हा आली, मी पुन्हा हात केला. शिकवताना कुणी मधे बोलायचं नाही हा माझा नियम, आणि घरात तो सगळे पाळतात.

तिला काय विचारायचं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. तिचं माहेर फर्दापूरचं. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी ती दोन वर्षं जपानी शिकत होती, भाकरी थापता थापता वाक्यं पुटपुटत. तिथल्या एका प्रवासी संस्थेनं तिला काम देऊ केलं होतं, आणि होकार शनिवारी बारापर्यंत कळवायचा होता. आदल्या संध्याकाळी तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, उद्या बघू, मला विचारल्याशिवाय कळवू नकोस. अडचण कसलीच नव्हती. एवढी मोठी गोष्ट माझ्यावाचून ठरावी, हेच मला सोसवत नव्हतं.

मुली गेल्या तेव्हा एक वाजून गेला होता. स्वयंपाकघरात माझं ताट झाकून वैशाली उपाशी बसली होती. माझ्याआधी ती कधी जेवत नाही, आणि का जेवत नाही हे मी कधी विचारलेलं नाही. मी मोठ्या मनानं म्हटलं, जा गं, कळव हो म्हणून.

“बाराला फोन आला होता, आई,” ती म्हणाली. “तुमचं काय ठरलं नव्हतं. मी नाय म्हणून सांगितलं.”

पुन्हा लाव म्हटलं, तर त्यांनी दुसरी मुलगी ठरवलीसुद्धा होती. वैशालीच्या आवाजात राग नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. शी! स्वतःची अशी किळस मला जन्मात आली नव्हती. सासूबाईंच्या नावानं मी आयुष्यभर बोटं मोडली, पण त्या निदान तोंडावर ‘नाही’ म्हणायच्या. मी तर माझं ‘नाही’ तिच्या तोंडून वदवून घेतलं होतं.

“बसा, गार होतंय,” असं म्हणत तिनं ताटावरचं झाकण काढलं. माफी मागायची म्हणून मी शब्द जुळवत बसले आणि जुळवता जुळवता जेवत राहिले. भाजीत मीठ थोडं कमी पडलं होतं. तेवढं मात्र मी तिला सांगितलं.