साडूंची लोखंडी म्हातारी

जगातल्या वस्तूंचे लोखंडी आणि लबाड असे दोनच प्रकार आहेत, असं मनापासून मानणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. राहात्याकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून सारी हयात घालवली. निवृत्त झाल्यावर केडगावला घर बांधलं, पण त्याआधी घरामागची पत्र्याची शेड बांधली. शेडमध्ये पंखा लागल्यावर दोन महिन्यांनी स्वयंपाकघरात दिवा लागला, हे आक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, अजूनही आल्यागेल्याला सांगतात.

प्लास्टिकशी साडूंचं उभं वैर. कुणाच्या घरी गेले की बसण्याआधी खुर्चीला टिचकी मारून बघणार, आणि आवाज बद्द आला की "ऱ्हाऊ द्या, आमी खालीच बसतो," म्हणत सतरंजीवर मांडी घालणार. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी हौसेने बाटलीबंद पाणी ठेवलं होतं. साडूंनी ते बाजूला सारून आपल्या पिशवीतून पितळी तांब्या काढला आणि व्याह्यांना समजावून सांगितलं, "प्लास्टिक ही वस्तू न्हाई पाव्हणं, वस्तूचं सोंग हाय." व्याह्यांचा प्लास्टिकच्या पाइपांचा धंदा आहे हे मी त्यांना आदल्या दिवशी दोनदा बजावलं होतं. लग्न झालं, ही माझ्या मुलीची पुण्याई.

दुसरं वेड मापाचं. लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, हे व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे जाडी मोजायचा पोलादी चिमटा, लावतात. आंबा घेताना, चप्पल घेताना, एकदा तर डॉक्टरांनी दिलेली गोळी गिळण्यापूर्वीसुद्धा त्यांनी माप घेतलेलं मी पाहिलं आहे. एके दिवशी आक्कांनी वाढलेली भाकरी चिमट्यात धरून ते म्हणाले, "ह्या कडंला दीड एमेम जाड झालीय." आक्कांनी भाकरी उचलली आणि आत नेली. त्या दिवशी साडूंनी पिठलं नुसतं चमच्याने खाल्लं. चमचा अर्थातच स्टीलचा होता.

असा हा माणूस गेल्या दिवाळीनंतर रिमोटवर पळणारा हातभर लांबीचा ट्रक करायला बसला, तेव्हा आमच्या सासुरवाडीत सगळ्यांनी एकमेकांना फोन केले. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते हेच, असं मीही म्हणालो. पण आक्कांनी मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली.

कारखान्यात साडूंचा एक जिवलग होता, ट्रक ड्रायव्हर. साडू त्याला 'डायव्हर' म्हणत, तो ह्यांना 'फिटर' म्हणे. बारशातली नावं दोघांनाही आठवत असतील असं मला वाटत नाही. कारखान्याकडे लष्कराने मोडीत काढलेला, चारी चाकांनी ओढणारा एक जुना ट्रक होता. फडात काळ्या मातीत उसाची भरलेली गाडी रुतली की तिला ओढून काढायला याला धाडायचे. सगळे त्याला 'म्हातारी' म्हणत. ड्रायव्हर चालवी, आणि म्हातारी मध्येच बसली तर असावेत म्हणून साडू शेजारी नट आवळायचे पाने घेऊन बसत. वीस हंगाम ही जोडी चिखलातून भांडत फिरली. म्हातारी भंगारात गेली त्या दिवशी दोघांच्याही घरी चूल पेटली, पण जेवलं कोणी नाही.

त्या ड्रायव्हरला दिवाळीनंतर झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, पाय सावरतोय, जीभही हळूहळू वळेल, पण हात मात्र त्यांनी स्वतः हलवला पाहिजे. जे व्हायचं ते या पहिल्या सहा महिन्यांत. नंतर अवघड आहे. दाबायला एक रबरी चेंडू दिला. ड्रायव्हरने तो डाव्या हाताने कुत्र्याला फेकून मारला, उजवा हात गोधडीखाली घातला आणि भिंतीकडे तोंड केलं. साडू भेटून आले ते दोन दिवस शेडमध्ये नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी ठोकाठोक सुरू झाली. मी विचारायला गेलो तर मान वर न करता म्हणाले, "म्हातारी करतोय. दहाव्या हिश्शाची. डायव्हरला चालवाया."

जुन्या कूलरचा पत्रा कापून केबिन झाली. खोक्यांना बांधून येणाऱ्या पोलादी पट्टीचे तुकडे एकावर एक रचून चाकांवरचे हादरे झेलणारे पाटे झाले. ग्राइंडरच्या पोटातली दातेरी चाकं आसात गेली, ड्रिल मशीनची मोटार पुढे बसली, आणि पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्यातून टायर कापले गेले. तांब्याच्या तारेचे रिव्हेट त्यांनी एकेक करून ठोकले. एक जरी तिरका बसला तर रांगच्या रांग उपसून पुन्हा ठोकायची. बरं, म्हातारीचं एखादं व्यंग तरी सोडावं, तर तेही नाही. तिचा डावा दिवा आंधळा होता, म्हणून याही ट्रकचा डावा दिवा आंधळा. तिचं दार लागत नसे आणि ड्रायव्हर ते सुतळीने बांधायचा, म्हणून याही दाराला बोटभर सुतळी. मी कचेरीतला माणूस, स्टेपलरपलीकडे माझ्या हाताला हत्यार माहीत नाही, पण दिवस मोजता येतात. संक्रांत गेली, शिमगा गेला, तरी हे आपले दाराच्या बिजागऱ्या घासताहेत! शेवटी मी म्हणालो, "अहो, बाजारात तयार मिळतात. एक घेऊन टाकू आणि उद्याच देऊन येऊ." साडूंनी कानस खाली ठेवली. "त्याच्या हातात खेळनं देऊ? डायव्हर हाय त्यो," एवढंच म्हणाले आणि पुन्हा घासू लागले. मला राग आला, आणि आपण काहीतरी हलकं बोललो असंही वाटलं.

रिमोट मात्र विकतच आणावा लागला, आणि तो प्लास्टिकचा. पिस्तुलासारखा असतो. डाव्या हातात मूठ धरून बोटाने घोडा दाबला की गाडी पुढे जाते, आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हाताने फिरवलं की वळते. साडूंनी तो आठवडाभर फडक्यात गुंडाळून ठेवला, आणि मग न राहवून त्याला चहूबाजूंनी पत्रा मढवला. ट्रक तर आधीच नखशिखांत लोखंडी. चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे जमलो, साडूंनी घोडा दाबला, आणि ट्रक ढिम्म. तारा तपासल्या, बॅटरी बदलली, आक्कांनी नारळसुद्धा फोडला. अखेर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याने येऊन सांगितलं की पत्र्याच्या पेटीतून पत्र्याच्या पेटीत संदेश जाणार कसा? आक्का दारातूनच म्हणाल्या, "माणूस आसू द्या न्हाईतर गाडी, समदीकडून पत्रा ठोकल्यावर ऐकू कसं यील?" साडूंनी रिमोटचा पत्रा काढला. ट्रकच्या आतलं ऐकण्याचं यंत्र मागच्या हौद्यात, ताडपत्रीखाली सरकवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कापडाशी तडजोड केली, आणि ट्रक चालला.

चालला, पण वाकडा. सोडला की डावीकडे जायचा. नगरजवळच्या एका माळावर रविवारी काही हौशी पोरं आपापले रिमोटचे ट्रक दगडगोट्यांवर चढवतात, तिथे साडू मला घेऊन गेले. पोरांचे रंगीबेरंगी हलके ट्रक खारीगत वर गेले. आमची चौदा किलोची म्हातारी निम्म्या चढापर्यंत घुमत गेली आणि डावीकडे वळून चरात पडली. तीनदा सोडली, तीनदा पडली. एक पोरगा आदबीने म्हणाला, "काका, रिमोटवर ते बटण आहे ना, ते दोनदा दाबा. सरळ जाईल."

"बटन म्हाईत हाय मला," साडू म्हणाले. ट्रक उचलला, धूळ पुसली आणि निघाले. मी वाटभर चिडचिड केली. भाकरीतला दीड मिलिमीटर ज्यांना सोसत नाही, त्यांना हातभर वाकडी जाणारी गाडी चालते? सहा महिने संपत आले, आता तरी ते बटण दाबा! त्यांनी एका कानाने ऐकलं, आणि दुसऱ्यानेही ऐकलंच असावं, कारण घर येताच ते थेट शेडमध्ये शिरले आणि आतून कडी लावली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघे एस.टी.ने राहात्याकडे निघालो. ट्रक चादरीत गुंडाळून साडूंनी मांडीवर घेतला होता आणि ऊन लागू नये म्हणून वरून टॉवेल धरला होता. कंडक्टरने हळू आवाजात विचारलं, "आजारी हाय का?"

"न्हाई. ट्रक हाय," साडू म्हणाले. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

ड्रायव्हरच्या घरी अंगणात जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत होत्या आणि पडवीत खाटेवर ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून पडला होता. उन्हाळ्याच्या त्या काहिलीतही उजवा हात गोधडीखाली. त्याची बायको म्हणाली, "भावजी, आता तुमीच बगा. येक सबूद न्हाई तोंडातून. हाताला तर हात लावू देत न्हाईत." बोलताना तिचे डोळे भरून आले. साडूंनी त्याला उठवून बसवलं, चादर सोडली आणि ट्रक अंगणात ठेवला. ड्रायव्हरची नजर त्या सुतळीवर गेली आणि तिथेच थांबली. साडूंनी त्याच्या डाव्या हातात रिमोट दिला, बोट घोड्यावर ठेवलं आणि आपण शेजारी, म्हणजे केबिनमध्ये बसायचे त्या डाव्या अंगाला, जाऊन बसले.

ड्रायव्हरने घोडा दाबला. म्हातारी घुमत निघाली, डावीकडे वळली आणि पाण्याच्या पिंपावर आदळली. साडूंनी उठून ती सरळ केली. पुन्हा दाबला, पुन्हा डावीकडे, या खेपेला कोंबड्यांच्या खुराड्यावर. कोंबड्यांनी गाव गोळा केलं. मी चाक फिरवून द्यायला उठलो, तर साडूंनी माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं. तिसऱ्यांदा गाडी निघाली ती थेट लुगड्याच्या रोखाने. "आवं, कुरडया! माज्या कुरडया!" बायको ओरडली. घोड्यावरचं बोट सोडलं असतं तरी गाडी थांबली असती, पण ड्रायव्हर माणसाला ते कुठलं सुचायला. गोधडी हलली. उजवा हात बाहेर आला, रिमोटच्या चाकावर पडला, घसरला, पुन्हा पडला. बोटं कशीबशी अडकली आणि चाक फिरलं. म्हातारी लुगड्याच्या काठावरून उजवीकडे वळली आणि पुढे गेली. एक कुरडई मोडली, तेवढीच.

ड्रायव्हर त्या चाकावरच्या आपल्या हाताकडे बघत राहिला. मग तोंड वाकडं करून, एकेक अक्षर ओढत तो म्हणाला, "फि... टर. आजून... डावीकडंच... वढती रं."

"मग? तुझीच म्हातारी हाय ती," साडू म्हणाले, आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसू लागले. बराच वेळ पुसत होते.

परतीच्या एस.टी.त त्यांनी सांगितलं. एका पावसाळ्यात पाटावरच्या मोरीच्या कठड्याला धडकून म्हातारी वाकडी झाली होती, आणि त्यांनी हरतऱ्हेचे उपाय करूनही ती कधी सरळ झाली नाही. ड्रायव्हर त्यानंतरची सगळी वर्षं उजव्या हाताच्या जोरावर तिला रस्त्यात ठेवायचा आणि तोंडाने फिटरचा उद्धार करायचा. "सरळ क्येली आसती तर त्यानं हात कशाला उचालला आसता, पाव्हणं?" ते म्हणाले. माळावर मी केलेली सगळी चिडचिड मला शब्दन् शब्द आठवत होती, आणि शरम वाटत होती. साडूंची मांडी आता मोकळी होती. हात कुठे ठेवावेत हे न सुचून त्यांनी माझी पिशवी मागून घेतली आणि नगर येईपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून बसले.

ड्रायव्हरचा हात काही पहिल्यासारखा झालेला नाही, होणारही नाही. खरा ट्रक तो आता कधी चालवणार नाही, हे त्यालाही कळतं. पण रोज सकाळी अंगणात तो म्हातारी काढतो, आणि मग केडगावला फोन येतो. "फिटर, डावीकडं वढती." साडू म्हणतात, "येतो, बघतो." महिन्यातून एकदा पाने घेऊन खरंच जातात आणि काही न करता येतात.

गेल्या महिन्यात मात्र फोनवर ड्रायव्हर म्हणाला की गाडी हल्ली सरळ चालते. साडू तडक गेले. ते परत आल्यावर मी शेडमध्ये जाऊन विचारलं, "काय निघालं? आपोआप सुधारली?"

"गाडी कशाला सुधारती? हात सुधारलाय," ते म्हणाले. मग खिशातला छोटा पाना काढून त्यांनी फडक्याने पुसला आणि जागच्या जागी टांगला. "चाकाचा बोल्ट अर्धा आटा आजून डावीकडं फिरवून आलोय. त्याला सांगू नका."