भिंतीला लावलेली काळी माती

लातूरच्या एका नव्या वसाहतीत आम्ही घर बांधलं तेव्हा पायातली काळी माती सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बाहेर काढून टाकायला लावली होती. मी त्यांना मामा म्हणते. त्यांची सगळी हयात निलंगा तालुक्यात, शेतीत गेली. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर घर टिकत नाही, असं त्यांनी मिस्त्रीला बजावलं. मिस्त्रीलाही ते माहीत होतं. मुरूम लागेपर्यंत खोदलं, वर मुरूमच भरला. घराला आजवर तडा नाही.

सहा वर्षांनी मामांना बाग हवी झाली. अंगणातल्या मुरमात कढीपत्तासुद्धा जगत नव्हता. मी एका टिप्परवाल्याला फोन करून बागेसाठी चांगली माती हवी म्हणून सांगितलं.

"ताई, काळी का तांबडी?"

मामांनी फोन माझ्या हातातून घेतला. "काळी. रानातली, वरच्या थराची. तळ्यातला गाळ आणशील तर तसाच माघारी धाडीन."

दोन ब्रास माती आली. फाटकासमोर ढीग पडल्यावर मामांनी मूठभर उचलली, वास घेतला, जिभेच्या टोकाला लावली. ड्रायव्हर केबिनमधून वाकून बघत होता.

"मामा, हुंगायलाव का खायलाव?"

"खाईन बी. तुला काय घाई हाय?"

माती उत्तम होती. ऊन पूर्वेला चांगलं, म्हणून मामांनी पूर्वेच्या कुंपणभिंतीला लागून वाफा आखला. समोरून विटांचा एक कठडा, मागून भिंत, मध्ये तीन फूट उंच माती. भिंत पाच फूट उंच, चार इंची, पाणी निघायला कुठंही भोक नसलेली. मी तिथंच उभी होते. यात काही चुकतंय हे मला सुचलं नाही. मामांनाही नाही.

भिंतीपलीकडे मुलींचं खासगी वसतिगृह होतं. शिकवणीसाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या नऊ मुली आणि त्यांचं बघणारी एक मावशी. त्यांची इमारत आणि आमची भिंत यांच्यामध्ये चार फुटांचा बोळ. नळ तिथं, कपड्यांची दोरी तिथं, बोळाच्या शेवटी न्हाणीघर. मोबाइलला रेंजही तिथंच मिळायची. त्यामुळे मुली आमच्या भिंतीला पाठ टेकून घरी बोलत बसत. वाफ्यातल्या वांग्यांना पाणी घालताना आम्हाला ऐकू यायचं.

भाद्रपदात सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मला भिंतीच्या माथ्यावर तडा दिसला, पेन्सिलच्या टोकाएवढा. मी त्याच्या दोन्ही बाजूंना खुणा केल्या. दहाला त्यात पेन्सिल आडवी बसत होती. मग दोरीला दगड बांधून माथ्यावरून पलीकडे सोडला. दगड भिंतीपासून तीन बोटं लांब लोंबत राहिला. भिंत मुलींच्या बाजूला कलली होती.

मामा छत्री घेऊन आले. त्यांनी दोरीकडे पाहिलं, मग वाफ्याकडे.

"फुगली," ते म्हणाले. "पायातली काढली मी. अन् हितं इकत आणून घातली."

ते फावडं घेऊन वाफ्यात चढायला लागले. मी त्यांचा दंड धरला. भिंत गेली असती तर मातीबरोबर तेही पलीकडे गेले असते. नवरा नांदेडला नोकरीला असतो, मी इथल्या एका दैनिकात बातमीदार. त्याला फोन केला, त्यानं मिस्त्रीचा नंबर दिला. मिस्त्री म्हणाला, "ओल्या मातीला हात लावू नका. आधी पलीकडली माणसं हलवा."

मी वसतिगृहाच्या दाराशी गेले. मावशी तांदूळ निवडत होती.

"मावशी, बोळात कोणी जायचं नाही. भिंत पडायला झालीय."

"सिमेंटची हाय की ओ ताई. तुम्ही पेपरवाल्या लई भेता."

"मुली कुठं आहेत?"

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परात खाली ठेवली. बोळात तिघी होत्या. एक जण फोनवर आईशी बोलत होती, तिची पाठ भिंतीला. मावशीनं तिला हाताला धरून ओढलं. बाकीच्यांना खोल्यांतून बोलावून पुढच्या खोलीत बसवलं. मी मोजलं. आठ.

मावशीनं मोजलं. आठ.

"नववी?"

"न्हायला गेलीय."

न्हाणीघराचं दार बोळातच उघडायचं. मावशी पुढं निघाली, पण तिचे गुडघे दुखतात, ती हळू चालते. म्हणून मी गेले. बोळ साधारण वीस पावलांचा होता. भिंतीच्या मधोमध पोट सुटलं होतं आणि विटांच्या सांध्यांतून काळं पाणी झिरपत होतं. बारीक आवाज येत होता, वाळू घासल्यासारखा. भिंत कोसळल्याच्या बातम्या मी बऱ्याच लिहिल्या आहेत. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ते वाक्य चालता चालता माझ्या डोक्यात पूर्ण तयार झालं, फक्त आकड्याची जागा मोकळी होती. खांदा भिंतीला लागू नये म्हणून मी आडवी चालले.

आत नळ जोरात सुरू होता. मी दार वाजवलं.

"पाच मिनटं! आत्ताच आलेय मी!"

"आत्ता बाहेर ये. भिंत पडतेय."

"डोक्याला साबण हाय ओ!"

"तसंच ये!"

ती गाऊन अडकवून बाहेर आली, डोळे मिटलेले, फेस कपाळावर. मी तिचं मनगट धरून चालले. मधोमध तिचा पाय बादलीला अडखळला. वाकून ती बादली उचलायला लागली. मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. मुलींनी नंतर सांगितलं की मी ओरडले होते.

पुढच्या खोलीत मावशीनं पुन्हा मोजलं. नऊ. ती मुलगी टॉवेलनं डोळे पुसत माझ्याकडे रागानं बघत होती. "काहीच तर पडलं न्हाई," ती म्हणाली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. एक मुलगी हसायला लागली. मलाही वाटलं, आपण उगाच घाबरलो.

मग भिंत गेली. फार मोठा आवाज झाला नाही. जड पोतं खाली टाकावं तेवढाच. आम्ही दारातून पाहिलं. बोळात नळाच्या उंचीपर्यंत काळी माती होती आणि तिच्यावर वांग्याची झाडं, काही अजून उभीच. न्हाणीघराचं दार आत दाबलं गेलं होतं. साबणवाली मुलगी खाली बसली आणि तिला उलटी झाली.

दुसऱ्या दिवसापासून मामा घमेल्यानं माती काढायला लागले. मजूर लावू म्हटलं तरी ऐकेनात. मातीत कपड्यांचे चिमटे निघायचे, निळे आणि पिवळे. ते धुऊन खिशात ठेवायचे आणि संध्याकाळी वसतिगृहाच्या दाराशी नेऊन द्यायचे. माती संपेपर्यंत हे चाललं. मावशी चिमटे घ्यायची आणि मामा दर वेळी विचारायचे, "सगळ्या हायेत का घरात?"

"हायेत मामा. नऊ."

तरी ते आत वाकून बघायचे.