टाकीच्या तोंडावरचं फडकं

लग्नाला गेला की लहानू एक चप्पल पुढच्या दाराशी काढतो आणि दुसरी मागच्या. एकच चप्पल कोण नेणार, असा त्याचा हिशोब. जेवणं उरकली की तो एका पायाने अनवाणी मांडवभर फिरतो, आणि आम्ही शेजारी आइस्क्रीम खात बघत बसतो.

आमची घरं बेसा भागात भिंतीला भिंत लावून आहेत, त्यामुळे त्याचा संशय मला पाठ आहे. सिलिंडर आलं की तो स्वतःच्या काट्यावर तोलून घेतो. दुधाची पिशवी उजेडात धरून बघतो. मला अशा माणसांचा राग येतो, आणि लहानूचा तर जास्तच, कारण माणूस वाईट नाही. जुना का होईना, मेहनतीने ट्रक घेतला, त्यावर विटा-गिट्टी वाहून घर उभं केलं. बायकोचा, नंदिनीवहिनींचा धाकटा भाऊ अंकुश पोरका झाला, तेव्हा त्याला घरी आणलं आणि याच ट्रकवर गाडी चालवायला शिकवलं. तेव्हापासून दोघं आळीपाळीने खेपा करायचे.

गेल्या दिवाळीच्या आधी डिझेल फिल्टर बदलायची वेळ आली. लहानूने ट्रक मिस्त्रीकडे नेला नाही. "चांगला पार्ट काढते अन् जुना टाकते गा तो," मला म्हणाला. अंगणातच, हिरव्या चौकड्यांची लुंगी खोचून, त्याने नवा फिल्टर चढवला. अंकुश नेमका किराणा आणायला गेला होता.

आणि त्यानंतर ट्रक बिघडला. सकाळी सुरू झाला की छान चालायचा. बुटीबोरीहून माल घेऊन निघाला, चढ आला, जोर लागला, की दम सोडायचा. रेस दाबली तरी उचल नाही, आणि शेवटी बंद. थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा ठेवला की पुन्हा पहिल्याच सेल्फला सुरू.

लहानूला पहिला संशय आला की पाइपात हवा शिरली. त्याने फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हँडपंप मारला. आधी फेस आला, मग स्वच्छ डिझेल. दुसऱ्या दिवशी ट्रक पुन्हा बंद. मग त्याने तांब्याचे वॉशर बदलले. मग दुकानदाराने नकली फिल्टर दिला म्हणून त्याच्याशी भांडून आला आणि जुनाच फिल्टर परत लावला. तरी तेच. मग पेट्रोल पंपावरच्या डिझेलवर नजर गेली. काचेच्या बाटलीत डिझेल भरून त्याने माझ्या भिंतीवर उन्हात ठेवलं. खाली पाणी साचतं का, हे बघायला येता-जाता वाकायचा. डिझेल स्वच्छच राहिलं. बाहेरचे सगळे सुटले, तेव्हा त्याने घरात बघायला सुरुवात केली.

एका सकाळी त्यांच्या अंगणातून आवाज आला आणि मी भिंतीशी गेलो. जायला नको होतं, पण गेलो. लहानू टाकीचं झाकण हातात घेऊन उभा होता.

"इथं मी फडकं बांधलं होतं," तो अंकुशला म्हणाला. "फिल्टर बदलला त्याच दिवशी, टाकी फुल करून. आत खोचून, वरून दोऱ्याची माही गाठ मारून. ते कुठी गेलं?"

"मले काय माहीत, भाऊजी?"

"फडकं काढल्याबिगर नळी टाकता येत नाही. नळी टाकल्याबिगर डिझेल काढता येत नाही. तू डिझेल विकून राहिला अन् वरून काहीतरी मिसळून राहिला. म्हणून गाडी मरते."

नंदिनीवहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "माह्या भावाले चोर म्हणता? ज्याले तुम्ही हातानं जेवू घातलं, त्याले?"

"मी नाही म्हणत. फडकं म्हणते."

अंकुशचा चेहरा इतका उतरला, की मला भिंत ओलांडून लहानूच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. लहानूने हात पुढे केला आणि किल्ली मागितली. अंकुशने दिली. मग तो आत गेला आणि कपड्यांची बॅग भरून ओट्यावर आणून ठेवली.

"जातो मी," तो म्हणाला. "पण गाडी अशी मरत ठेवून नाही जात. टाकी सोडा. एका कॅनमधून डिझेल देऊन पाह्यू."

लहानूने डोळे बारीक केले. "टाकी काहून सोडू? काही लपवाचं हाये काय?"

"भरा ना मग तुम्हीच, तुमच्या हातानं."

लहानूने खरंच कॅन स्वतः धुतला, टाकीखालचं बूच खोलून त्यातलंच डिझेल स्वतः भरलं, वासही घेतला. अंकुशने टाकीकडून येणारा पाइप सोडून दुसरा पाइप जोडला आणि त्याचं टोक कॅनमध्ये सोडलं. ट्रक सुरू केला, रेस दिली, धरून ठेवली. टाकीवर असताना एवढ्या रेसला तो केव्हाच बंद पडला असता. आता मात्र धडधडत राहिला. वहिनींच्या हातावरची कणीक सुकली, तरी थांबला नाही.

"म्हणजे इंजीन बरं हाये, डिझेल बरं हाये," अंकुश म्हणाला. "जे काय हाये ते टाकीत हाये."

त्याने टाकीच्या वरचे नट खोलले आणि डिझेल ओढणारी नळी हळूच बाहेर काढली. नळीच्या तोंडाला कापडाचा बोळा घट्ट चिकटला होता, त्यावर दोरा आणि दोऱ्यात गाठ. डिझेलने सैल पडून फडकं आत घसरलं होतं. जोर लागला की नळी ते ओढून घ्यायची आणि ट्रक बंद पडला की सोडून द्यायची.

अंकुशने ते पिळून उलगडलं. हिरव्या चौकड्या. त्याने लहानूच्या लुंगीकडे पाहिलं, मग वहिनींनी पाहिलं, मग मी. लुंगीचा एक कोपरा कापलेला होता.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"कचरा जाऊ नये म्हणून बांधलं होतं मी," लहानू पुटपुटला.

"कचऱ्यासाठी बांधलं असतं तर मले सांगितलं असतं," अंकुश म्हणाला. त्याने फडकं घडी करून बोनेटवर ठेवलं आणि हात धुतले. लहानूने किल्ली पुढे केली. ती त्याने घेतली नाही.

"आज तुम्हाले फडकं सापडलं, भाऊजी. उद्या दुसरं काही हरवलं अन् सापडलं नाही, तर?"

बॅग उचलून अंकुश गेला. सक्करदऱ्याला त्याने वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि दुसऱ्याच्या गाडीवर काम धरलं. त्या दिवाळीला वहिनी भावाकडे एकट्याच गेल्या. लहानू वर्षभर ट्रक एकटाच हाकत होता. अंकुशची किल्ली त्याने खिळ्याला टांगून ठेवली होती आणि तिला कोणाला हात लावू देत नव्हता.

यंदाच्या भाऊबीजेला मात्र वहिनींना सोडायला तो ट्रक घेऊन गेला. वर जायची हिंमत झाली नाही, खालीच केबिनमध्ये बसून राहिला. वहिनींनी मला पुढचं सांगितलं. ओवाळून झाल्यावर अंकुश खाली उतरला. ट्रकभोवती एक चक्कर मारली, चाकं बघितली, मग टाकीचं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं, पुन्हा नीट बसवलं आणि वर निघून गेला.

लहानू आरशात सगळं बघत होता. घरी परत येईपर्यंत वहिनींचं लक्ष त्याच्यावरच होतं. त्याने गाडी कुठेही थांबवली नाही, आणि झाकण उघडून पाहिलं नाही.