प्रेमिलाच्या पदराची चाबी

...तर चाबी माझ्या हातात ठेवून प्रेमिला निघून गेली, इथवर काल सांगून झालं होतं. आता ती घंटेच्या आधीच येऊन गुणगुणत डाळ निवडते, म्हणून तुम्हाला हे खरं वाटत नाही. पण झालं तसंच.

चाबी आमच्या गावच्या शाळेतल्या स्वयंपाकखोलीची. शाळेत खिचडी शिजायला लागली तेव्हापासून ती प्रेमिलाच्याच पदराला. मी शाळा समितीचा अध्यक्ष, म्हणून माझ्याकडे आणून दिली.

पोरांना वाढायच्या आधी गुरुजींनी घास चाखायचा, असा नियम. त्या दिवशी नव्या हेडमास्तरांनी, भुपेंद्र सरांनी, चाखला नि पोरांच्या रांगेसमोरच म्हणाले, "हे ढोरं तरी खातील काय?" पोरं फिदीफिदी हसली. तिची नात टीना तेवढी हसली नाही. प्रेमिलानं सगळ्यांना वाढलं, खिचडीचे गंज घासले, नि माझ्या ओसरीवर आली.

"दुसरी बाई पाहा जी, भाऊ."

"काऊन? घर कसं चालवशील?"

"धानाच्या रोवण्याले जाईन. चिखलात कोणी हासत नाही."

दुसऱ्या दिवशी टीनाला सोडायला ती फाटकापर्यंत आली. प्रार्थना नुकतीच संपली होती. सरांनी तिला पाहिलं आणि पोरांना तसंच उभं ठेवलं.

"काल मी प्रेमिलाबाईंना तुमच्यासमोर टाकून बोललो. चूक माझी. म्हणून माफीही तुमच्यासमोरच मागतो." नि हात जोडले.

मी तिथंच होतो, चाबी घेऊन दुसऱ्या बाईचं नाव सांगायला गेलेलो. तोंडातली सुपारी अख्खी गिळली गेली बाप्पा. आधीच्या गुरुजींनी तर तिचं नावही कधी विचारलं नाही, "ए खिचडी" अशी हाक मारत. हेडमास्तर स्वयंपाकिणीपुढे हात जोडतो असं कोणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. शिपाई गजेंद्र घंटेचा दोर धरून उभा, वाजवायचं विसरला.

मला वाटलं, आता ही रडेल, नाही तर पाठ फिरवेल. ती सरळ माझ्याकडे आली, हात पुढे केला. चाबी घेतली, पदराला गाठ मारली, नि सरांकडे वळून म्हणाली,

"मीठ जास्तच पडलं होतं, सर. तुमचं बोलणं खोटं नव्हतं. पण आता असं झालं तर चुलीजवळ येऊन सांगा जी. सरका, पोरायले भूक लागन."