नाव घातलेलं ताट

“प्लुरिसी,” गंगापूर रोडच्या दवाखान्यात डॉक्टर माझ्या बायकोचा, सुमनचा एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणाले. “फुप्फुसावरच्या आवरणाला सूज आलीय. म्हणून श्वास घेताना यांच्या बरगडीत कळ येते. थोडं पाणीही झालंय. बहुतेक टीबीमुळे.”

मला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. आमची मीरा तेव्हा चार वर्षांची होती. आईच्या कुशीतच झोपायची.

सुमनच्या पाठीत सुई घालून पिवळसर पाणी काढलं, तपासायला पाठवलं. थुंकी तीन वेळा द्यायची होती. तोवर घरात कसं वागायचं, हे मी डॉक्टरांना विचारलंच नाही. शाळेत विज्ञान शिकवणारा मी, परस्पर मीराला कळवणला आजीकडे सोडून आलो. सुमनसाठी स्टीलचं वेगळं ताट आणलं. इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून दुकानातच त्यावर नाव घालून घेतलं: सौ. सुमन.

तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. “घरातल्या सगळ्या भांड्यांवर सासूबाईंचं नाव. टीबीनं का होईना, एकावर माझं आलं!” हसताना कळ आली. तिनं कूस दाबून धरली.

रिपोर्ट यायला आठवडा लागला. रोज संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या बूथवरून कळवणला फोन करायचो. परतलो की सुमन दारातच विचारायची, “रडली का हो?” मी नाही म्हणायचो. ती रोज रडत होती.

पाण्यात टीबीच्या खुणा मिळाल्या. थुंकीत जंतू नव्हते.

“सूज एकाची दुसऱ्याला लागत नाही,” डॉक्टर म्हणाले. “तिच्यामागचा आजार मात्र लागू शकतो. फुप्फुसात टीबी असेल तर खोकल्यातून जंतू हवेत येतात. यांची फुप्फुसं स्वच्छ दिसतायत, धोका फार कमी. गोळ्या मात्र मध्येच सोडायच्या नाहीत. मुलीला एकदा दाखवून न्या.”

“आणि भांडी?”

“भांड्यांनी टीबी पसरत नाही, सर. विज्ञान शिकवता ना?”

मीरा तपासणी करून घरी आली. सुमननं हात पुढे केले नाहीत. आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवल्यावरच तिनं पोरीला ओढून घेतलं. ती नजर मी विसरलेलो नाही.

गोळ्यांचा कोर्स संपला, सुमन पूर्ण बरी झाली. तरी जेवायला तेच ताट घ्यायची. “माझं आहे,” म्हणायची. मी कधी माफी मागितली नाही.

गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं ती गेली.

तुमच्या घरी कुणाला प्लुरिसी झाली, तर कारण काय आणि ते पसरणारं आहे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. ताट नंतर.

त्या ताटात आता मी जेवतो. घासून घासून अक्षरं पुसट झालीत. शेवटची भाकरी उचलली की दिसतात.