ओवाळणीचा मिक्सर

विश्वनाथ देवतळेला आयुष्यात निर्णय असे फारसे घ्यावेच लागले नव्हते. शाळा वडिलांनी ठरवली, नोकरी मामांनी लावून दिली आणि बायको थोरल्या बहिणीने, म्हणजे यमुताईने, पसंत केली. नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत तो कारकून होता. कारकुनाला एक मोठी सोय असते. फाइल आली की तिच्यावर 'सादर' असं लिहून ती वर पाठवून द्यायची, पुढचं वरचा माणूस बघतो. घरातही त्याने हीच पद्धत ठेवली होती आणि घरात वर यमुताई होती.

यमुताई विधवा. दहा वर्षांपासून भावाकडेच धरमपेठेतल्या दोन खोल्यांत राहायची. वाईट बाई नव्हती, पण स्वयंपाकघर तिचं होतं आणि स्वयंपाकघर तिचं म्हणजे घर तिचं. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला लतिका नवऱ्याला ओवाळायची आणि विश्वनाथ ताटात यमुताईनेच आणून ठेवलेलं पातळ घालायचा. रंग कोणता आहे हे त्यालाही तिथेच कळायचं.

शहात्तर सालच्या दिवाळीआधी मात्र कचेरीतली भिशी त्याच्या नावाने निघाली आणि या सरळ माणसाच्या डोक्यात एक विचार शिरला, की यंदा बायकोला आपल्या मनाने काहीतरी मोठं द्यावं. एकच वस्तू घेता येणार होती, आणि डोळ्यांपुढे दोन होत्या.

एक होता मिक्सर. सीताबर्डीच्या दुकानात काचेमागे मांडलेला, पांढरा, तीन भांड्यांचा. घरात वाटण पाट्यावर व्हायचं आणि ते लतिका करायची. पाच-सहा जणांचा राबता, येणारे-जाणारे, यमुताईचा मसाला म्हणजे सुकं खोबरं, खसखस, तिखट सगळं गंधासारखं बारीक हवं. संध्याकाळी लतिकाची बोटं सुजलेली असायची. मिरची वाटली त्या दिवशी ती हात परातीत गार पाण्यात बुडवून बसायची. हे विश्वनाथने पाहिलं होतं आणि त्याला वाईट वाटायचं, खरोखर वाटायचं.

दुसरा होता टाइपरायटर. मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हापासून लतिका दुपारी तासभर महादेवरावांच्या टंकलेखन विद्यालयात जायची. मराठी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा ती पास झाली होती. आता सरकारी टंकलेखकांच्या भरतीसाठी तिने अर्ज केला होता आणि डिसेंबरात वेगाची परीक्षा होती. अठ्ठावीस पुरी झाली की अर्ज करता येत नव्हता. लतिकाला येत्या मे महिन्यात अठ्ठावीस पुरी व्हायची होती. म्हणजे हीच काय ती पहिली आणि शेवटची संधी. आणि बोलावण्याच्या कागदावर साफ लिहिलं होतं की उमेदवाराने मशीन स्वतःची आणावी.

लतिकाने 'मले मशीन घेऊन द्या' असं कधी म्हटलं नाही. एकदा फक्त वरण ढवळता ढवळता म्हणाली, "परीक्षेले मशीन आपलीच न्यावी लागते म्हणतात. महादेवराव ती खिडकीजवळची विकून राहिले. मी तिच्यावरच शिकली ना, हात बसला आहे."

विश्वनाथने ऐकलं. ऐकलं नाही असं पुढे त्याला स्वतःलाही कधी म्हणता आलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो महादेवरावांना भेटून आला. म्हातारा भला होता. "पाडव्यापर्यंत कोणाले देत नाही," तो म्हणाला, "पण घ्या, देवतळे. तुमच्या बाईचा हात माझ्या विद्यालयात पुन्हा व्हायचा नाही."

एवढं सगळं सरळ असताना माणसाने काय करावं? विद्यालयातून निघून थेट घरी जावं आणि बायकोला विचारावं, की बाई गं, तुला काय हवं. पण ओवाळणी विचारून देत नसतात, अशी त्यांच्या घरातली रीत. ओवाळणारीला आधी कळलं तर त्यात ओवाळणी कसली? मग विश्वनाथने नेहमीचंच केलं. फाइल वर पाठवली.

यमुताई तांदूळ निवडत होती. तिने दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "टायपिंगची मशीन काय ताटात ठेवतोस गा? चार बाया हळदीकुंकवाले येतील, त्यायले काय दाखवू, फीत अन् शाई? मिक्सर घे. तिच्याच हाताले आराम आहे."

"पण तिची परीक्षा..."

"एका दिवसाच्या परीक्षेसाठी जन्माची मशीन काहून घ्यायची? भाड्याने आण."

विश्वनाथला एकदम सुटल्यासारखं वाटलं. खरंच की, भाड्याने मिळते. आणि मनाच्या तळाशी आणखी एक हिशेब होता, जो त्याने कुणाला सांगितला नाही. मिक्सरने सगळं घर खूश होणार होतं, टाइपरायटरने फक्त लतिका. ज्या माणसाला कुणीच नाराज झालेलं सोसत नाही, तो शेवटी जी कधी तक्रार करत नाही तिलाच नाराज करतो. विश्वनाथने सीताबर्डीला जाऊन मिक्सर घेतला आणि दोन्ही हातांनी खोकं पोटाशी धरून तो घरी आणला.

पाडव्याला लतिकाने ओवाळलं. खोकं ताटात मावत नव्हतं, म्हणून पाटाशेजारी ठेवलं होतं. त्यावरचा कापडाचा रुमाल विश्वनाथने काढला. रुमालाखालच्या खोक्याचा आकार पाहून क्षणभर तिचा चेहरा असा उजळला होता की तो त्याला नंतर आठवायला नको वाटे. मग तिने खोक्यावरचं चित्र पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. रात्रीची भांडी आवरताना तिने एवढंच विचारलं, "मग परीक्षेचं कसं करायचं?"

"भाड्याने आणतो ना मी," तो म्हणाला. "तू काहून फिकर करतेस?"

मिक्सरचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. पंधरा दिवस शेजारणी तो पाहायला येत होत्या. मग यमुताईने जाहीर केलं की मिक्सरचा मसाला गरम होतो आणि रश्श्याला चव राहत नाही. त्यावर लोकरीचं विणलेलं झाकण चढलं. वाटण पुन्हा पाट्यावर आलं आणि पाट्यामागे लतिका.

महादेवरावांनी दिवाळी झाल्यावर आठ दिवस वाट पाहिली आणि मशीन कोर्टातल्या एका टायपिस्टला विकली. विद्यालयातल्या बाकीच्या मशिनी परीक्षेला बसणाऱ्या इतर मुलींनी आधीच सांगून ठेवल्या होत्या. लतिका मिळेल त्या मशिनीवर सराव करत होती आणि दर दोन-चार दिवसांनी नवऱ्याला आठवण देत होती. तो म्हणायचा, आणतो. त्याच्या मनात आणायचंच होतं. पण डिसेंबर लागला आणि विधानसभेचं अधिवेशन नागपुरात आलं.

ही गोष्ट नागपूरच्या कारकुनाने विसरावी याला काय म्हणावं मला कळत नाही. अधिवेशन आलं की मुंबईहून अख्खं सरकार इथे उतरतं. खुर्च्या, गाद्या, सायकली, सगळं भाड्याने जातं, आणि मराठी टाइपरायटर तर सगळ्यांत आधी. दर वर्षी त्या मशिनींच्या मागण्यांची पत्रं विश्वनाथच्याच टेबलावरून जायची. त्या वर्षीही गेली. त्यानेच त्यांवर 'सादर' लिहिलं होतं.

परीक्षा रविवारी होती. बुधवारी तो सीताबर्डीच्या तीन दुकानांत फिरला. तिन्ही दुकानांत मराठी मशीन एकही नव्हती. गुरुवारी इतवारीच्या बाजारात भैयाजी नावाच्या मशीनदुरुस्ती करणाऱ्या म्हाताऱ्याकडे सगळ्यात वरच्या फळीवर एक सापडली. भैयाजीने ती खाली काढून फडक्याने पुसली. विश्वनाथने एका बोटाने शोधत शोधत स्वतःचं नाव टाइप केलं. उमटलं. मराठीच होती.

"शनिवारीच घेऊन जा," भैयाजी म्हणाला. "जुनी आहे ही. बाईले एक दिवस बसू द्या हिच्यावर, हात पाहू द्या."

शनिवारी कचेरीत अधिवेशनाच्या प्रश्नांची उत्तरं तयार व्हायची होती. साहेबांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि विश्वनाथ थांबला. 'बायकोची परीक्षा आहे, मला जाऊ द्या,' हे वाक्य त्याने दुपारभर मनात जुळवलं, पण साहेबांच्या खोलीपर्यंत ते काही पोचलं नाही. रविवारी सकाळी थंडीत त्याने भैयाजीला घरून उठवून आणलं, दुकान उघडवलं आणि मशीन रिक्षात घालून घरी आला. लतिका दारातच तयार उभी होती. ती तशीच रिक्षात चढली. मशीन झाकणासकट विश्वनाथच्या मांडीवर होती.

वाटेत लतिकाने विचारलं, "नव्या पद्धतीचीच आहे ना?"

"मराठीच आहे," विश्वनाथ म्हणाला. "मी पाह्यली."

शाळेच्या व्हरांड्यात पुष्कळ नवरे आणि भाऊ मशिनी पोचवून उभे होते. आत बाकांवर चाळीसेक बाया आणि पोरं. परीक्षेआधी हात चालवायला पाच मिनिटं दिली होती. विश्वनाथ खिडकीशी उभा राहिला. लतिकाने कागद चढवला, बोटं ठेवली, डोळे समोर भिंतीकडे. महादेवरावांचे विद्यार्थी कधी खाली बघत नसत. तिने एक ओळ मारली आणि कागदाकडे पाहिलं. पुन्हा मारली. मग तिने मान वर करून खिडकीकडे पाहिलं, थेट विश्वनाथकडे. त्याला वाटलं ही घाबरली. त्याने हसून हाताने खूण केली, मार, मार.

घंटा झाली. चाळीस मशिनी एकदम सुरू झाल्या. त्या सगळ्या आवाजात विश्वनाथला दिसत होतं की त्याची बायको वाकून, खाली बघून, एका बोटाने एकेक अक्षर शोधते आहे. त्याने गुरुवारी इतवारीत शोधलं होतं अगदी तसं. दहा मिनिटं तो ते पाहत उभा राहिला आणि पाहता पाहता त्याला आपण काय करून बसलो ते समजत गेलं.

परत येताना रिक्षात लतिकाने मशीनचं झाकण उचलून पाहिलं. मग म्हणाली, "जुन्या मशिनीवर अक्षरांच्या जागा येगळ्या राहतात. क तिथं क नाही, र तिथं र नाही. माझी बोटं आपल्या जागी जाऊन राहिली होती अन् कागदावर भलतंच येऊन राहिलं होतं."

"मले काय माहीत वं," विश्वनाथ म्हणाला. "मराठीच होती ना."

"हाव," ती म्हणाली. "मराठीच होती."

तिने एकही शब्द आवाज चढवून म्हटला नाही. म्हटला असता तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, तर निदान त्याला चुकलो म्हणता आलं असतं. घरी पोचल्यावर यमुताईने विचारलं, "कसा गेला पेपर?" लतिका म्हणाली, "गेला," आणि पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. निकालाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मे महिन्यात तिला अठ्ठावीस पुरी झाली. त्या दिवशी यमुताईने शिरा केला होता, चांगला झाला होता.

जूनमध्ये विश्वनाथच्या शाखेत नवी टंकलेखक आली. देवकी नाव, विशीतली, हसरी. त्याच्याच समोरच्या टेबलावर तिची मशीन ठेवली गेली. तो मसुदे लिहायचा आणि ती ते टाइप करायची. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, "काका, तुम्ही लतिकाताईंचे मिस्टर ना? महादेवरावांकडे मी त्यांच्याच बाजूले बसत होती. मले सगळं त्यांनीच शिकवलं. त्या काहून नाही लागल्या? आम्हाले वाटलं होतं पहिला नंबर त्यांचाच."

"घरचं पाहावं लागते," विश्वनाथ म्हणाला आणि फाइलमध्ये डोकं घातलं.

घरी त्याने देवकीचं नाव काढलं नाही. लतिका संध्याकाळी चहा देताना विचारायची, "आज काय काम होतं?" आणि तो म्हणायचा, "नेहमीचंच." असे दोन महिने गेले. दिवसभर समोर ती मशीन चालायची आणि घरी आला तरी त्याच्या कानांत ती चालूच असायची. त्याला वाटे, निदान हे तरी हिला कळू नये. एवढं एक आपण हिच्यासाठी करू शकतो.

ऑगस्टात एके दिवशी सकाळी तो कचेरीला निघाला होता. लतिका पाट्यावर वाटत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या समोर देवकी बसते ना?"

विश्वनाथ दारात थबकला. "तुले कोणी सांगितलं?"

"तीच भेटली होती बाजारात, जूनमध्येच." तिने वरवंट्याला लागलेला मसाला बोटाने निपटून घेतला. "तिले सांगाल का एक? कागद लावते तेव्हा डावीकडून वाकडा जाते तिचा. मी लय सांगितलं होतं, पण सवय नाही जात. साहेब लोकं रागावतात अशाले. दोन्ही टोकं जुळवून पाह्य म्हणा, मग फिरव म्हणा."

"सांगतो," विश्वनाथ म्हणाला.

त्या दिवशी देवकीने चौदा पत्रं टाइप केली. प्रत्येक पत्र डावीकडे थोडं उतरलेलं होतं. विश्वनाथने एकेक हातात घेतलं, वाचलं, खाली सही केली आणि देवकीला काही न सांगता वर पाठवून दिलं.