दोन झुलींची पावती

महिपतराव जगदाळ्यांच्या घरी तलवार भिंतीवर होती आणि भीती पोटात. पणजोबा दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आले, आजोबांनी आणि वडिलांनी सरकारी पागेत उमर काढली, आणि महिपतरावांनी? महिपतरावांनी किल्ल्या सांभाळल्या. लश्कर या संस्थानी शहरातल्या एका जुन्या बँकेत ते गोदाम-कीपर होते. व्यापाऱ्यानं माल तारण ठेवून कर्ज काढलं की तो माल पाटणकर बाजारामागच्या गोदामात यायचा, दाराला बँकेचं कुलूप पडायचं आणि किल्ली महिपतरावांच्या करगोट्याला लटकायची. वीस वर्षांत त्यांच्या गोदामातून सुई हलली नव्हती. लोक म्हणत, मोठा इमानदार माणूस. खरं सांगायचं तर त्यात इमान अर्धं आणि भीती अर्धी होती. पण काम चोख होत असलं तर पोटात काय आहे ते कोण बघतो?

या चोख कामाला एक अपवाद होता, आणि तो दसऱ्याचा.

गोरखी वाड्याजवळ दिनकरराव खटावकरांचा कारखाना होता. घोड्यांची खोगिरं, हत्तींच्या मखमली झुली, जरीचे गोंडे, असा सगळा दरबारी माल तिथं तयार व्हायचा. एक झूल व्हायला सहा महिने लागत, म्हणून दिनकरराव तयार झुली बँकेत तारण ठेवून कारागिरांचा पगार भागवत. आता दसरा म्हणजे महाराजांची स्वारी निघायची, आणि स्वारीला झुली लागायच्या. जुने मॅनेजर नाना यांनी पहिल्याच वर्षी तोंडी सांगून ठेवलं होतं, “महिपतराव, दसऱ्याला अडवायचं नाही. सकाळी झुली द्यायच्या, एकादशीला परत घ्यायच्या.”

“आणि पावती?” महिपतरावांनी विचारलं होतं.

“पूजेला जाणाऱ्या वस्तूची पावती घेतात का हो कुठं? अपशकुन करता काय?”

तेव्हापासून दर दसऱ्याला झुली बिनपावतीच्या जात आणि एकादशीला मोजून परत येत. पुढं नाना निवृत्त होऊन पुण्याला गेले आणि तिथंच वारले. त्यांचा शब्द कुठल्याही कागदावर नव्हता.

संस्थान मध्यभारतात विलीन झाल्यावर दोन दसरे जेमतेम पार पडले. १९५०च्या दसऱ्याला बारा झुली गेल्या आणि दहाच परत आल्या. दोन झुली एका सरदारांच्या हत्तिणींवर घातल्या होत्या. जहागिरी जाणार म्हणून सरदारांनी त्या हत्तिणी बुंदेलखंडातल्या एका मठाला विकून टाकल्या, त्या थेट झुलींसकट! हत्तिणी गेल्या, झुली गेल्या, सरदारही सगळं आवरून इंदूरला गेले. दिनकरराव म्हणाले, “फिकर नका करू, मी आणून देतो.” महिपतरावांनी दहावर बारा मानून कुलूप लावलं आणि त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना.

त्याच थंडीत ही बँक कानपूरच्या एका मोठ्या बँकेत विलीन झाली. दाराची पाटी बदलली, आणि सोमवारी एक परिपत्रक आलं. कुठल्या धंद्याला कर्ज वाढवायचं, कुठल्याला आहे तेवढंच ठेवायचं आणि कुठल्याचं गुंडाळायचं, याची ती यादी होती. कापडगिरणी, तेलगिरणी, चिनीमाती, मोटर वाहतूक यांचं वाढवायचं. गल्ला-किराणा, म्हणजे धान्य-वाणसामान, आहे तसा. तंबू-कनाती, जरीकाम, खोगीर-झुली यांचं गुंडाळायचं. ज्या शहरात कालपर्यंत तोफांच्या सलामीनं घड्याळं लागत, त्या शहराची अर्धी कारागिरी त्या एका ओळीत आटोपली होती. खाली लिहिलं होतं, गुंडाळायच्या धंद्यांचं तारण तपासायला कानपूरचे अधिकारी निगमसाहेब गुरुवारी येतील.

महिपतरावांनी ते दोनदा वाचलं. नोकरी जाईल हे तर झालंच. पण बँकेच्या कुलपातला माल परस्पर गेला तर त्याला कायद्यात दुसरं नाव होतं, आणि त्यापुढं हातकडी होती. तलवार लटकलेल्या घराच्या ओट्यावर शिपाई उभा राहील! त्यांना त्या ओट्यावरची शेजारणींची गर्दीसुद्धा दिसायला लागली.

संध्याकाळी त्यांनी विजयाबाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या पत्नीचा स्वभाव सरळ, बोलणं त्याहून सरळ. “साहेबाला जे झालं ते सांगा. नानांचा रिवाज होता म्हणा. बाकीच्या दहा झुली तर आहेत ना?”

“तुला काही कळत नाही,” महिपतराव म्हणाले. घाबरलेल्या माणसाला खरा सल्ला नेहमीच बिनडोक वाटतो.

दुसऱ्या दिवशी ते तोंडाला मफलर गुंडाळून दिनकररावांकडे गेले. कारखान्यात खोगिरांऐवजी एक मोटारीची फाटकी सीट उलगडून ठेवली होती.

“या, बघा,” दिनकरराव उत्साहानं म्हणाले. “पडाव मोहल्ल्यात आता बसगाड्याच बसगाड्या झाल्या. सगळ्यांच्या सीटा आग्र्याहून येतात. मी म्हटलं, ज्यानं हत्तीची बैठक शिवली त्याला मोटारीची जड जाईल काय? मशीनसाठी बँकेत अर्ज टाकलाय. पंधरा कारागीर आहेत माझ्याकडे, त्यांना कुठं हाकलू?”

“दिनकरराव, माझ्या झुली.”

दिनकररावांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, “गुरुवारी अकरा वाजता दोन झुली तुमच्या दारात. जबान दिली.”

“पण आणणार कुठून?”

“ते माझ्यावर सोडा.”

महिपतराव घरी आले, पण जबानीवर त्यांचा भरवसा बसेना. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथं काडीसुद्धा गुरुवारच्या अकराला मिळणार होती.

निगमसाहेब गुरुवारी नऊलाच आले. बारीक, चष्मेवाले, आवाज अगदी मऊ. महिपतरावांना वाटलं, ओरडणारा माणूस परवडला. साहेबांनी गोदाम उघडायला सांगितलं. कुलपात किल्ली जाईना. शेवटी साहेबांनी स्वतः कुलूप काढलं.

“झूल, मखमल, जरीदार, बारह,” साहेबांनी रजिस्टर वाचलं. मग बोटानं मोजलं. पुन्हा मोजलं. “ये तो दस हैं।”

गोदामात डांबरगोळ्यांचा वास भरला होता. बाहेरून गाजरवाल्याची हाक येत होती. महिपतरावांना विजयाबाईंचं वाक्य आठवत होतं, ओठांवर आलंही होतं. नानांचा रिवाज. दसरा. एवढे तीन शब्द. पण त्याच वेळी साहेबांनी खिशातून पेन काढलं, आणि त्या पेनाचं टोपण उघडताना बघून महिपतरावांना ओट्यावरचा शिपाई दिसला.

“हुजूर, खटावकर ले गये,” ते म्हणाले. “बरसात के बाद मखमल को धूप दिखाने खोला था। मेरी नज़र बचाकर दो उठा ले गये। मैंने बहुत माँगा, देते नहीं।”

वीस वर्षांत पहिल्यांदा ते खोटं बोलले, आणि ते इतकं सफाईदार निघालं की त्यांची त्यांनाच भीती वाटली.

साहेबांनी मान डोलावली, दोन ओळी लिहिल्या आणि रजिस्टर मिटलं. ओरडले नाहीत. पोलिसांचं नावही काढलं नाही. महिपतरावांचा जीव भांड्यात पडला, आणि त्यांना त्याच क्षणी स्वतःची किळस आली. पण जीव भांड्यात पडला होता हे काही खोटं नाही.

बरोबर अकराला दाराशी टांगा थांबला. दिनकरराव उतरले, डोळे लाल, बोटांना चिंध्या बांधलेल्या. टांग्यात दोन झुली होत्या. मखमल नवीकोरी होती, पण जरीचा काठ महिपतरावांनी लगेच ओळखला. दिनकररावांच्या पत्नी, सुलोचनाबाई, हळदीकुंकवाला नेसायच्या त्या जांभळ्या शालूचा तो काठ होता. दोन दिवस, दोन रात्री जागून दोघांनी मिळून झुली शिवल्या होत्या.

“घ्या, मोजून घ्या,” दिनकरराव हसून म्हणाले. मग साहेबांना रामराम घालून अदबीनं दाराबाहेरच उभे राहिले.

निगमसाहेबांनी झुलीवर हात फिरवला. “काम अच्छा है,” ते महिपतरावांना हळूच म्हणाले. “पर दस हों या बारह, हमारे लिए एक ही बात है। इस माल की कीमत अब हमने शून्य मानी है। हाथी ही नहीं रहे तो झूल कौन लेगा? दो कम भी होतीं तो मैं आपसे क्या वसूल करता?”

तीन दिवसांचा तो ताप, ती हातकडी, तो ओट्यावरचा शिपाई, सगळं शून्यासाठी होतं.

“इनकी मोटर-सीट वाली अर्ज़ी देखी थी मैंने,” साहेब पुढं म्हणाले. “धंधा बढ़िया है, उसी के लिए तो कर्ज़ा बढ़ाना है। मैं मंज़ूर करने ही आया था। पर जो आदमी बैंक का माल चुराए...” त्यांनी रजिस्टरवर बोट आपटलं. “अच्छा हुआ आपने बता दिया।”

तेव्हा बोलायचं होतं. अजून शाई ओली होती. दाराबाहेर दिनकरराव चिंध्या बांधलेल्या बोटांवर फुंकर घालत उभे होते. महिपतरावांनी तोंड उघडलं. खोटं बोललो असं म्हटलं, तर खोटं बोलणारा गोदाम-कीपर कोण ठेवील? त्यांनी तोंड मिटलं.

महिन्याभरानं अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र दिनकररावांना गेलं. त्यात कारण दिलेलं नव्हतं. झुली कबाडाच्या भावानं लिलावात गेल्या, जरी जाळून चांदी काढणाऱ्यानं घेतल्या. पंधरा कारागीर वाटेला लागले. मोटर-सीटांचं कर्ज आग्र्याच्या एका माणसाला मिळालं. त्यानं पडावावर कारखाना टाकला, आणि दिनकरराव तिथं रोजंदारीवर सीटा शिवायला जाऊ लागले. महिपतरावांना पाच रुपये बढती आणि पडावावरचं टायरचं नवं गोदाम मिळालं. ते दुपारी मुद्दाम मागच्या गल्लीनं जात, कारण पुढच्या रस्त्यावर तो कारखाना होता.

पुढचा दसरा आला. या वर्षी महिपतरावांनी सकाळपासून दार लावून घेतलं होतं. कुणी वाजवलं की ते विजयाबाईंना पुढं करायचे. आज ना उद्या दिनकररावांना कळेल. बँकेतला एखादा कारकून बोलून जाईल, निगमसाहेबच पुन्हा येतील, काहीही होईल. हातकडीची भीती तीन दिवसांची होती. ही मरेपर्यंतची होती.

संध्याकाळी विजयाबाईंनी दार उघडलं आणि दिनकरराव आत आले. धुतलेला सदरा, हातात आपट्याची पानं.

“सोनं घ्या महिपतराव, सोन्यासारखे राहा,” ते वाकून म्हणाले, आणि पाटावर टेकले. “एक गोष्ट वर्षभर सांगायची राहिली होती. हमेशा वाटायचं, पण तुम्ही भेटतच नाही.”

महिपतराव हातातली पानं एकावर एक रचू लागले.

“त्या दिवशी झुली यायच्या आधी साहेबानं मोजल्या असणार. मला समजलं होतं. तुमच्या जागी दुसरा कुणी असता ना, तर आपली कातडी वाचवायला त्यानं मला चोर ठरवला असता. तुम्ही सांभाळून घेतलंत. धंदा बुडाला ते नशीब, पण माझं नाव राहिलं.” त्यांचे डोळे भरून आले. “सुलोचना रोज देवापुढं तुमचं नाव घेते.”

स्वयंपाकघराच्या दारात विजयाबाई उभ्या होत्या. त्या गुरुवारचं सगळं महिपतरावांनी त्यांना त्याच रात्री सांगितलं होतं. त्या नवऱ्याकडे बघत होत्या.

महिपतरावांनी पानं कोनाड्यात ठेवली.

“बसा,” ते म्हणाले. “चहा घेऊन जा.”